रात्री कवळी काढायची लाज वाटते

पत्र: सातारा जिल्ह्यातल्या ६१ वर्षांच्या एक वाचक लिहितात. पायरियाने दात हलायला लागले आणि उरलेसुरले दिवाळीनंतर काढावे लागले. मधुमेह आहे. मिश्री लावायची जुनी सवय दोन वर्षांपूर्वी सोडली. तालुक्याच्या गावातल्या डॉक्टरांनी वरची-खालची पूर्ण कवळी करून दिली, तिला आता दोन महिने झाले. वरची बरी बसते, खालची बोलताना उचलते. खालच्या हिरडीला फोड आला, तो डॉक्टरांनी कवळी घासून बरा केला, तर दुसऱ्या जागी आला. पुन्हा जायला संकोच वाटतो. भाकरी चावत नाही, म्हणून सगळ्यांचं आटपल्यावर एकट्या जेवतात. फेब्रुवारीत घरात नवी सून आली. तिला आपलं बोळकं तोंड दिसू नये म्हणून रात्रीही कवळी काढत नाहीत. शेजारच्या काकू म्हणे कवळीने ऊस सोलून खातात. पुण्याचा मुलगा इम्प्लांट (जबड्याच्या हाडात स्क्रू घालून त्यांवर दात बसवणं) करू म्हणतो, पण 'या वयात एवढे पैसे माझ्या तोंडात कशाला घालायचे?' आठवडी बाजारात बसणारा एक जण दीड हजारात घट्ट करून देतो म्हणतो. मे महिन्यात पुतण्याचं लग्न आहे. त्या विचारतात: ही कवळी टाकून दुसरीकडे नवी करू, इम्प्लांट करू, की हा नादच सोडू?

ताई,

या तिन्हींतलं काहीही आज ठरवू नका. तुमची कवळी बिघडलेली आहे असं पत्रावरून तरी मला वाटत नाही. ती अजून पुरती तयारच झालेली नाही. आपल्याकडे समज असा की डॉक्टरांनी कवळी हातात ठेवली म्हणजे काम संपलं. खरं तर मापं घेणं, मेणात दात लावून बघणं, मग कवळी बसवणं हे अर्धं काम. उरलेलं अर्धं नंतरच्या फेऱ्यांमध्ये होतं. तुम्ही एका फेरीनंतर थांबलात.

आधी खालच्या कवळीबद्दल. दोन ओल्या काचा एकमेकींवर ठेवल्या की सहजी सुटत नाहीत, तशी वरची कवळी लाळेच्या पातळ थरावर टाळूला धरून राहते. टाळूची जागा मोठी आणि स्थिर, म्हणून ती टिकते. खालच्या कवळीला टाळू नाही. ती घोड्याच्या नालेसारखी अरुंद, मधोमध जीभ सतत हलणारी, बाहेरून गाल आणि ओठ ढकलणारे. त्यामुळे जगातल्या चांगल्यात चांगल्या डॉक्टरांनी केलेली खालची कवळीही थोडी हलतेच. ती जागेवर ठेवायचं निम्मं काम जिभेने आणि गालांनी करायचं असतं आणि ते त्यांना शिकायला कित्येक आठवडे लागतात. जांभई देताना, मोठ्याने हसताना, खोकताना ती उचलली म्हणून फसवणूक झाली असं समजू नका. गप्प बसलेलं असतानाही ती तरंगत असेल, दोन्ही बाजूंचे दात एकाच वेळी एकमेकांवर टेकत नसतील, तर मात्र ते डॉक्टरांच्या हातचं काम आहे आणि ते तुम्ही स्पष्ट सांगायला हवं.

शेजारच्या काकूंच्या उसाचं म्हणाल तर त्यांची कवळी पूर्ण आहे की अर्धी, खाली चार-सहा दात शाबूत आहेत का, हे तुम्ही विचारलंय? खाली स्वतःचे सुळे असलेल्या बाईची आणि तुमची बरोबरी होत नाही. पूर्ण कवळीने चावायची ताकद खऱ्या दातांच्या साधारण पाव ते पाचव्या हिश्श्याइतकीच असते. आणि काकूंच्या कवळीला किती वर्षं झाली, हेही विचाराच.

आता फोड. पहिल्या काही महिन्यांत तीन-चारदा कवळी घासून घ्यावी लागणं हे नेहमीचंच. एक टोचणारी जागा कमी केली की भार दुसरीकडे जातो आणि तिथे टोचतं, म्हणून तुमचा फोड जागा बदलून आला. डॉक्टर कंटाळतील ही भीती काढून टाका, या फेऱ्या त्यांनी धरलेल्याच असतात. मात्र जाताना बहुतेक पेशंट एक गोष्ट उलटी करतात. दुखतं म्हणून चार दिवस कवळी काढून ठेवतात आणि ती डबीत घालून दवाखान्यात येतात. तोवर हिरडी बरी झालेली असते, नेमकं कुठे घासायचं हे डॉक्टरांना दिसतच नाही. दुखतंय तर मधले दिवस कवळी काढून ठेवा, कोमट पाण्यात मीठ टाकून गुळण्या करा, पण ज्या दिवशी जायचं त्याच्या आदल्या दिवशी काही तास आणि त्या दिवशी सकाळपासून ती घाला. लाल खूण ताजी असली की काम पाच मिनिटांचं. घरी कानस किंवा सॅंडपेपर घेऊन बसू नका. यजमान कितीही हुशार असले तरी!

बाजारातल्या माणसाकडे तर बिलकुल जाऊ नका. ही मंडळी बहुतेकदा जागेवरच गोठणारं कच्चं ॲक्रिलिक, म्हणजे कवळीचं प्लास्टिक, वापरतात. ते तोंडातच घट्ट होताना तापतं, चरचरतं, हिरडीला भाजतं. एखाददोन दात शिल्लक असले तर तार गुंडाळून नवे दात त्यांनाच चिकटवून टाकतात, म्हणजे ते काढून धुताही येत नाहीत आणि शेजारचे चांगले दातही जातात. दीड हजारात घट्ट झालेली कवळी पुढे सोडवायला दुप्पट पैसे पडतात. शिवाय तुमच्यासारख्या मधुमेहाच्या पेशंटची जखम लवकर भरत नाही.

जेवणाचं तुम्ही एकाच ओळीत लिहिलंत, पण मला ती ओळ सगळ्यात जास्त खटकली. एकट्या जेवता म्हणजे नक्की काय जेवता? माझा अंदाज सांगते: चहा-खारी, दूधभात, वरणभात, केळं. दात गेलेली माणसं नकळत मऊ आणि पिठूळ खाण्याकडे वळतात. साखर वर जाते, डाळी, भाज्या, अंडी मागे पडतात आणि अंगातली ताकद जाते. साखर वाढली की हिरडीही लवकर बरी होत नाही, म्हणजे पुन्हा फोड. मुगाचं धिरडं, मऊ शिजवलेली मटकीची उसळ, पिठलं, अंड्याची पोळी, पनीर, ताक हे सगळं तुमच्या आजच्या कवळीनेही खाता येईल.

भाकरीवर या. पुढच्या दातांनी तुकडा तोडायचा नाही, हा पहिला नियम. पुढून तोडलं की कवळी मागून सुटते. हाताने लहान तुकडे करा. शाळूच्या ताज्या भाकरीचा वरचा पापुद्रा सुरुवातीला बाजूला ठेवा, आतला मऊ भाग घ्या, गरम आमटीत चुरून झाकून पाच मिनिटं ठेवा. घास छोटा घ्या, अर्धा उजवीकडे आणि अर्धा डावीकडे ठेवून दोन्ही बाजूंनी एकदम चावा, सरळ खाली-वर. एकाच बाजूने चावायची आपली जन्माची सवय असते, कवळीत ती मोडावी लागते, कारण एकीकडे दाबलं की दुसरीकडून ती उचलते. हे जमलं की पापुद्र्याकडे जा. बुक्कीने फोडलेला कांदा आता बारीक चिरून. शेंगदाणे नकोत, कूट चालेल. पेरूच्या, वांग्याच्या बिया आणि तीळ कवळीखाली जाऊन सुईसारखे टोचतात, जेवणानंतर कवळी काढून खळखळून धुतली की सुटका. चिक्की आणि सुपारी विसरा.

गरम चहाबद्दल मात्र सावध राहा. टाळू कवळीने झाकलेली असते, त्यामुळे पेय किती गरम आहे ते तोंडात कळत नाही आणि चटका थेट घशाला बसतो. पहिला घोट ओठांनी जोखून घ्या. चव कमी लागते अशीही तक्रार बायका करतात. तीही बरीचशी टाळूमुळेच, आणि हळूहळू कमी होते. बोलण्यासाठी रोज दहा-पंधरा मिनिटं मोठ्याने वाचा. पोथी, पेपर, काहीही. 'स', 'फ', 'व' अडखळतील, पण काही दिवसांत जीभ वाट शोधते.

आता रात्रीचं.

ताई, कवळी रात्री काढायचीच असते. दिवसभर हिरडीवर भार असतो आणि लाळ तिथवर नीट पोचत नाही. सहा-आठ तास हिरडी उघडी राहिली नाही तर कवळीखाली बुरशी वाढते. टाळू लालभडक होते आणि गंमत म्हणजे बऱ्याचदा दुखतच नाही, म्हणून कळतही नाही. कधी पांढरा थर येतो, कधी ओठांचे कोपरे चिरतात. मधुमेह असला, तोंड कोरडं पडत असलं की हे लवकर होतं. जपानमध्ये ८५ आणि त्यावरच्या वयाच्या ५२४ माणसांचा तीन वर्षं केलेला अभ्यास २०१५मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कवळी घालून झोपणाऱ्यांमध्ये न्यूमोनियाचं प्रमाण दुपटीहून जास्त दिसलं. तुमचं वय तेवढं नाही, घाबरवायलाही हे सांगत नाही. पण तुमच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या फोडांमागे रात्रंदिवस बसलेली कवळी हे एक कारण असणार, याची मला जवळपास खात्री आहे.

रात्री कवळी काढायला हवी हे तुम्हालाही ठाऊक असावं. अडचण लाजेची आहे. पण दिवाळीनंतर दात काढले आणि कवळी फेब्रुवारीत आली. मधले महिने यजमानांनी तुम्हाला कसं पाहिलं? त्यांच्यासमोर तुम्ही तशाच जेवलात, बोललात, भांडलातही असाल. त्यांच्यापासून लपवायचं काही उरलेलंच नाही. राहिली सून. ती घरात नवीन आहे, आंधळी नाही. सासूबाई एकट्या जेवतात, हसताना पदर तोंडावर धरतात, हे तिने पहिल्या आठवड्यात पाहिलं असेल आणि 'मी काही चुकले का' असा अर्थही लावून बसली असेल. नव्या सुनेला सासूचं वेगळं जेवणं फार बोचतं. तुम्हाला दात नाहीत हे तिला कळणं त्यापेक्षा कितीतरी सोपं. एकदा भांडी लावताना, कामाच्या ओघात सांगून टाका: 'माझी कवळी आहे, रात्री मी ती पाण्यात ठेवते, मोरीजवळची निळी डबी माझी, ती ओतू नकोस.' एवढं पुरे. न सांगता डबी तिच्या हाती लागली तर दोघींनाही अवघड होईल.

तरीही पहिल्या दिवसापासून जमणार नाही हे मी समजू शकते. मग दिवा मालवल्यावर काढा आणि उठल्याउठल्या घाला. तेही नको वाटलं तर निदान दुपारी दार लोटून दोन-तीन तास हिरडी मोकळी ठेवा. रात्रीइतका उपयोग नाही, पण काहीच न करण्यापेक्षा बरं.

काढलेली कवळी कोरडी ठेवायची नाही, ॲक्रिलिक सुकून वेडंवाकडं होतं. साध्या गार पाण्यात बुडवून ठेवा. उकळतं किंवा कढत पाणी नको, त्यानेही आकार बदलतो. धुताना बेसिनमध्ये किंवा घमेल्यात चार बोटं पाणी भरा, नाहीतर खाली जाड टॉवेल पसरा. मोरीच्या फरशीवर पडून दोन तुकडे झालेल्या कवळ्या मी चिकार पाहिल्या आहेत. टूथपेस्ट नको, तिच्यातल्या बारीक खरखरीने कवळीवर चरे पडतात आणि चऱ्यांत घाण बसते. राखुंडी, दातांची पावडर तर नकोच. मऊ ब्रश आणि हात धुवायचा साधा साबण किंवा भांडी घासायच्या द्रवाचा एक थेंब पुरतो. हिरडीला टेकणारी आतली बाजूही घासा, नेमकी तीच राहते. मेडिकलमध्ये कवळी साफ करायच्या गोळ्या मिळतात, त्या पाण्यात टाकून वापरायच्या आणि नंतर कवळी भरपूर धुवायची. बोटाला ओलं मऊ फडकं गुंडाळून रोज हिरड्या, टाळू आणि जीभ पुसा. दात नाहीत म्हणून तोंड धुणं संपलं, असं होत नाही.

चिकटवायची पेस्ट वाईट नाही. वाटाण्याएवढे तीन-चार ठिपके, दिवसातून एकदा. मात्र दिवसाला तीनदा लावावी लागत असेल तर मापात काहीतरी चुकतंय. घेताना जस्त नसलेली घ्या. जस्ताच्या पेस्टचा वर्षानुवर्षं अतिवापर करणाऱ्यांच्या शरीरात तांब्याची कमतरता होऊन हातापायांच्या नसांना इजा झाल्याची उदाहरणं आहेत.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. नवी कवळी आज दुसरीकडे का करू नये? दात काढल्यावर जबड्याचं हाड झिजायला लागतं, पहिल्या सहा महिने-वर्षभरात सगळ्यात वेगाने. तुमचे दात जाऊन पाचेक महिने झाले. आज अगदी बेतशीर कवळी केली तरी दिवाळीपर्यंत ती सैल होईल. त्याऐवजी वर्ष भरलं की हीच कवळी आतून नव्याने भरून घ्या. डॉक्टर त्याला रिलाइन म्हणतात, खर्चही नव्या कवळीपेक्षा कमी. हाडाची झीज पुढेही आयुष्यभर हळूहळू चालूच राहते, वरच्या जबड्यापेक्षा खालच्या जबड्याची साधारण चौपट. म्हणून पाच-सात वर्षांनी नवी कवळी लागते. पंधरा वर्षं तीच घालून 'मला काही त्रास नाही' म्हणणाऱ्यांचे गाल बसलेले आणि हनुवटी नाकाकडे चाललेली दिसते.

मुलाच्या म्हणण्यातही तथ्य आहे, पण त्याच्या डोक्यात बहुधा सगळे दात स्क्रूवर बसवणं आहे. तेवढं करायची गरज नसते. खालच्या जबड्यात पुढे दोन इम्प्लांट घालून त्यांवर खालची कवळी बटणासारखी अडकवता येते. २००२मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी, खालचे सगळे दात गेलेल्यांसाठी पहिली निवड हीच असावी, असं मत दिलं होतं. वरची कवळी आहे तशीच राहते आणि खर्च सगळ्या जबड्याच्या इम्प्लांटच्या मानाने पुष्कळच कमी. त्याआधी तुमची एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर, आटोक्यात हवी, हाड पुरेसं आहे का हे एक्स-रेमध्ये बघायला हवं आणि हाडं ठिसूळ झाल्याची औषधं चालू असतील तर ती डॉक्टरांना आधी सांगायला हवीत. तंबाखू सुटलेला आहे, ही तुमची जमेची बाजू. पावसाळा सरल्यावर हा विषय मुलाशी काढा.

'या वयात कशाला' हे वाक्य मात्र मला पटत नाही. ६१ हे काही आवरतं घ्यायचं वय नाही, अजून वीस-पंचवीस वर्षं तुम्हाला रोज जेवायचंच आहे. मुलगा आपणहून म्हणतोय, पैशाचं तो बघेल. तुम्ही त्रास किती होतोय ते बघा.

ज्यांना पैशाचीच अडचण आहे अशा वाचकांसाठी: मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयांत, मुंबईत महापालिकेच्या नायर दंत रुग्णालयात आणि गोव्यात बांबोळीच्या दंत महाविद्यालयात कवळी खाजगी दवाखान्याच्या मानाने फार कमी पैशांत होते. विद्यार्थी करतात, वर प्राध्यापक बघतात. फेऱ्या जास्त पडतात, वेळ लागतो, पण घाई नसल्यामुळे काम बऱ्याचदा चांगलं होतं. केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत दारिद्र्यरेषेखालच्या किंवा महिना १५ हजार रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या ज्येष्ठांना चष्मा, श्रवणयंत्र, काठी यांबरोबर कवळीही धरलेली आहे. शिबिर कधी आहे, याची चौकशी जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात करा.

आणि ज्यांचे थोडे दात अजून उरलेत त्यांना: 'सगळे काढून टाका, एकदाच कटकट मिटेल' असं कुणी म्हटलं तर एकदा दुसरं मत घ्या. खालचे दोन सुळे किंवा त्यांची नुसती मुळं जरी वाचवता आली, तरी त्यांवर कवळी टेकते आणि तिथलं हाडही टिकतं. मेणात दात लावून दाखवतात त्या दिवशी घरातलं कुणी तरी बरोबर न्या आणि दात असतानाचा एखादा हसरा फोटोही न्या. रंग, लांबी, ओठांची ठेवण बदलायची ती तेव्हाच. एकदा कवळी पक्की झाली की दात फार पांढरे झाले म्हणून काही करता येत नाही.

एक गोष्ट मिश्री लावलेल्या, तंबाखू खाल्लेल्या प्रत्येकासाठी, आणि ताई, तुमच्यासाठीही. कवळी घासल्यावर किंवा काढून ठेवल्यावर फोड आठ-दहा दिवसांत बरा व्हायला हवा. दोन आठवड्यांनंतरही तो तसाच असेल, कडा टणक लागत असतील, पांढरा किंवा लाल चट्टा जात नसेल, तर तो कवळीचाच आहे असं धरून चालू नका. तपासून घ्या. मिश्री सोडून दोन वर्षं झाली, हे फार चांगलं केलंत, पण तपासणी चुकवू नका.

लग्नाचं सांगते. डॉक्टरांकडे याच आठवड्यात जा, म्हणजे मेपर्यंत दोन-तीन फेऱ्या होतील. लग्नाच्या आदल्या चार दिवसांत काहीही नवं करून घेऊ नका, त्या घाईत नवा फोड येतो. लग्नाच्या दिवशी सकाळी पेस्ट लावा. कवळीची डबी आणि ब्रश पर्समध्ये ठेवा. जेवताना कवळी काढून कागदी रुमालात गुंडाळू नका, पत्रावळीबरोबर कचऱ्यात जाते. पंगतीत जिलेबी चालेल ती शुगर बघून, मठ्ठा हवा तेवढा. आणि फोटोला पुढच्या रांगेत बसा.